पिठाची चाळण

खाणीत पंप चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे वैद्यबुवा म्हणायचे. औषधांशी त्यांचा संबंध खोकल्याच्या बाटलीपुरता. पण त्यांच्याकडे हातभर लांबीची एक पोलादी सळई होती आणि तिच्या एका टोकाला लाकडी गोळा बसवलेला होता. सळईचं टोक पंपाच्या अंगाला टेकवायचं, गोळा कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे. बेअरिंग कोरडं पडलंय का, बोल्ट ढिला झालाय का, पाणी ढकलणारा आतला पंखा कुठे घासतोय का, सगळं त्यांना आतून ऐकू यायचं. तीस वर्षांत या कानाने एकदाही दगा दिला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे.

पंपाच्या नळीवर ओढ किती आहे ते दाखवणारा एक काटा होता. त्याची काच फुटून काटा अडकला त्याला सात वर्षं झाली होती. नवा मागवू का, असं वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा वैद्यबुवा म्हणाले होते, "कान शाबूत असताना काटा कशाला?" सगळे हसले होते. नवा काटा आलाच नाही.

खाणीचं सगळं पाणी झिरपत झिरपत सर्वांत खालच्या पातळीवरच्या हौदात जमायचं. हौदाच्या काठावर पंप, पंपाची नळी हौदात सोडलेली, नळीच्या तोंडाला जाळीची टोपली. हौदाच्या बाजूने एक बोगदा जात होता. तो आधी खाली उतरायचा आणि मग पुन्हा चढून दगड फोडायच्या जागेपर्यंत पोचायचा. त्या उताराच्या तळाला सगळे खोलगा म्हणत. पंप चालू असला की खोलगा कोरडा. पंप थांबला की वीस-पंचवीस मिनिटांत खोलगा छतापर्यंत भरणार, आणि पलीकडची माणसं पलीकडेच अडकणार. जोडीला दुसरा पंप होता, पण त्याची मोटर जळून महिनाभर दुरुस्तीला गेलेली. म्हणून नियम एकच होता आणि तो वैद्यबुवांनीच प्रत्येक नव्या माणसाच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलेला: पंप बंद पडला तर आधी भोंगा, मग पंप.

सकाळी टोळी आत जाण्याआधी मुकादम पंपाशी थांबायचा आणि विचारायचा, "नाडी?" वैद्यबुवा सळई लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ठीक." त्याशिवाय एकही माणूस खोलग्यात पाय टाकत नसे. कागद नाही, सही नाही, त्या एका शब्दावर सात-आठ माणसं आत जायची. गेली दोन वर्षं हा मुकादम म्हणजे त्यांचा जावईच होता. अंगाने धिप्पाड, बोलायला मिश्कील. "मामा, नाडी बघताय का झोपलात?" असं तो रोज म्हणायचा, आणि रोज तेच ऐकूनही टोळी हसायची.

पावडरीसारखा भुगा पडणारा दगड लागला तेव्हापासून सगळं बिनसलं. नव्या जागी पाणी मारत भोकं पाडायची पद्धत सुरू झाली आणि हौदातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते पाणी बोटांनी चोळलं तर खरखर लागायची नाही, नुसतं बुळबुळीत. आणि त्याच आठवड्यात पंपातून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून कुणीतरी हलवावा तसा.

वैद्यबुवांनी सळई लावली आणि क्षणात निदान केलं: खडी आत जातेय. दुसरं असणार काय? खड्यांचा आवाज खड्यांचाच असतो. येत्या सुटीला त्यांनी हौदातली टोपली बाहेर काढली आणि तिच्यावर आणखी एक जाळी गुंडाळली. आवाज वाढला. म्हणजे खडी त्याहून बारीक आहे. त्यांनी त्याहून बारीक जाळी शोधली, पण कोठारात मिळेना.

लेक बेकरीत कामाला होती. तिच्या घरी पीठ चाळायच्या दोन मोठ्या चाळण्या होत्या, परातीएवढ्या, पोलादी तारेच्या, इतक्या बारीक की उजेडासमोर धरल्या तर जाळी दिसायची नाही, नुसतं धुकं दिसायचं.

"एक दे," ते म्हणाले.

"पंपाला काय पोळ्या लाटायच्यात का, बाबा?"

"तुझ्या नवऱ्याचाच रस्ता कोरडा ठेवायचाय. दे मुकाट्यानं."

लेकीने खिळ्यावरची एक चाळण काढून दिली. "पण परत आणा हं. जोडीतली आहे ती."

पुढच्या सुटीच्या दिवशी, खाण रिकामी असताना, वैद्यबुवांनी चाळणीची कड कापली, जाळी टोपलीभोवती लपेटली आणि तारेने करकचून आवळली. तीन दिवस आवाज मवाळ झाला. वैद्यबुवांची छाती फुगली. चौथ्या दिवशी तो परत आला आणि असा आला की सळई न लावताच ऐकू येऊ लागला.

मुख्य कचेरीतून इंजिनिअरबाई आल्या त्या याच दिवसांत. वयाने लेकीएवढ्याच असतील. त्या पंपाशी आल्या, हात मागे बांधून मिनिटभर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही खडी नाही, काका. हे बुडबुडे आहेत."

वैद्यबुवांना हसू आवरेना. "माझी नात दिवसभर साबणाचे बुडबुडे उडवते, बाई. घर अजून उभं आहे."

बाईही हसल्या. रागावल्या नाहीत, हे वैद्यबुवांना जरा खटकलंच. त्यांनी पिशवीतून दोन सिरिंज काढल्या, बिनसुयांच्या. एकीत उकळून, गाळून थंड केलेलं पाणी भरलं, पुढचं भोक अंगठ्याने बंद केलं आणि दट्ट्या मागे ओढला. पाणी जसंच्या तसं राहिलं. दट्ट्याच्या कडेला एखादा थेंबभर बुडबुडा आला, तेवढाच. दुसरीत त्यांनी हौदातलं पांढरं पाणी भरलं आणि तसाच दट्ट्या ओढला. पाण्यात सगळीकडून बारीक बारीक बुडबुडे उठले, जणू ते आधीपासून तिथेच दबा धरून बसले होते.

"पाण्यात नुसतं पाणी असलं की ते पुष्कळ ओढ सहन करतं," बाई म्हणाल्या. "पण या भुग्याच्या कणाला भेगा असतात. त्या भेगेत हवा दडलेली असते, डोळ्याला न दिसणारी. पंपानं पाणी ओढलं की तिथून बुडबुडा फुगतो. पुढं पंख्याशी दाब वाढला की तोच बुडबुडा एका झटक्यात आत कोसळतो आणि लोखंडाला टोचा मारतो. एका सेकंदात असे हजारो. तुम्हाला ऐकू येते ती खडखड खडीची नाही, या टोच्यांची आहे."

"मग कण अडवायचे. जाळी बारीक करायची."

"पिठाएवढा कण कुठल्या जाळीनं अडणार? उलट जाळी जितकी बारीक, तितकं पंपाला जोर लावून ओढावं लागतं. जितकी ओढ, तितके बुडबुडे. म्हणून इथं काटा हवा होता." त्यांनी फुटक्या काचेवर बोट ठेवलं. "कण जाऊ देत आतून. त्यानं पंखा झिजेल, पण सावकाश, वर्षभरानं. बुडबुडे त्याला पंधरा दिवसांत खातील." मग त्यांनी सहज विचारलं, "टोपलीवर जादा जाळी वगैरे नाही ना लावलेली?"

जावई शेजारीच उभा होता. टोळीतले दोघे बाकावर बसून डबे उघडत होते. सगळ्यांचे कान इकडेच. वैद्यबुवांच्या डोळ्यांसमोर ती टोपली आली: एकावर एक दोन जाळ्या, आणि वरची तर पिठाची चाळण. तीस वर्षांचा वैद्य, आणि औषध म्हणून रोग्याच्या नाकावर उशी दाबून बसला होता. हे जर आत्ता तोंडातून निघालं, तर उद्यापासून "नाडी?" विचारताना टोळी वेगळंच हसेल.

"नाही," ते म्हणाले.

हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. सुटीच्या दिवशी पंप उघडून पंखा बघू, असं म्हणून त्या वर गेल्या. सुटी परवा होती. वैद्यबुवांनी मनाशी हिशेब केला: परवा पहाटेच यायचं, बाई यायच्या आत टोपली काढायची, दोन्ही जाळ्या सोडायच्या, चाळण घरी नेऊन टाकायची. कुणाला ताकास तूर लागणार नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न. रात्रीही दुसरी पाळी आत असायची, आणि पंप थांबवून आत्ता काढायची म्हटली तर टोळी बाहेर बोलवावी लागणार, आणि का बोलवली हे सांगावं लागणार.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. त्यांना बाईंचं सगळं पटलं होतं, हीच तर पंचाईत होती. नसतं पटलं तर निदान सुखाने झोपले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली. जावयाने हेल्मेट मागे सरकवलं. "मामा, नाडी?"

वैद्यबुवांनी सळई टेकवली. आत कुणीतरी दगड भरडत होतं. पण या आवाजात आज एक नवी गोष्ट होती, मधूनच एक पोकळ हेलकावा, पंप श्वास घ्यायला विसरतोय असा. त्यांनी तो स्पष्ट ऐकला. इतका स्पष्ट की गोळा कानापासून थोडा दूर झाला.

"आवाज वाढल्यासारखा वाटतोय," जावई म्हणाला.

"कान तुझे का माझे?"

"तुमचे."

"मग ठीक."

जावई हसला, त्याने हेल्मेट पुढे ओढलं आणि तो माणसांना घेऊन आत गेला. तो धरून सातजण होते. त्यांचे दिवे खोलग्यात उतरले आणि पलीकडे चढून दिसेनासे झाले.

साडेदहाला आवाज थांबला. एकदम थांबला. मोटर फिरत होती, उलट हलकी होऊन जोरात फिरत होती, पण वर जाणाऱ्या नळीत पाणी नव्हतं. पंपाच्या पोटात हवा शिरून त्याची पाण्यावरची पकड सुटली होती. वैद्यबुवांनी मोटर बंद केली आणि त्या शांततेत त्यांना हौदात सगळीकडून पाणी पडताना ऐकू आलं.

भोंग्याची कळ त्यांच्या डाव्या हाताला होती. चार पावलांवर. आधी भोंगा, मग पंप.

पण भोंगा वाजला असता तर टोळी बाहेर आली असती, वरून माणसं धावत आली असती, आणि टोपली त्यांच्यासमोर बाहेर काढावी लागली असती. पाच मिनिटांचं काम, त्यांनी स्वतःला सांगितलं. जाळी फाडायची, पंपात दोन बादल्या पाणी ओतायचं, मोटर सुरू करायची. पाच मिनिटांत खोलग्यात घोटाभर पाणीही येत नाही. त्यांनी पक्कड घेतली आणि ते हौदात उतरले.

पाणी छातीपर्यंत होतं. टोपलीवर भुग्याचा लेप बसून ती मडक्यासारखी गुळगुळीत झाली होती. तार त्यांनी स्वतःच आवळलेली, आणि ती चांगलीच आवळलेली. पांढऱ्या पाण्यात काही दिसेना. बोटं कापली. पक्कड हातातून सुटली, मग ते बुडी मारून ती शोधत राहिले. शेवटी तार तुटली, दोन्ही जाळ्या सुटून हौदाच्या तळाशी गेल्या आणि ते धापा टाकत वर आले. पंपात पाणी ओतलं. मोटर सुरू केली. आत काहीतरी खळकन मोडलं आणि नुसतं घरघरत राहिलं. बुडबुड्यांनी पंख्याची पाती केव्हाच खाल्ली होती, आणि उरलेली आता तुटली.

तेव्हा त्यांनी भोंगा वाजवला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला सात मिनिटं कमी होती.

चारजण बाहेर आले. शेवटचा आला तो डोकं छताला टेकवून, नाक वर करून, पाणी गिळत. मुकादमाने आपल्याला पुढे ढकललं आणि स्वतः बाकीच्या दोघांना आणायला मागे वळला, असं त्याने सांगितलं. त्यानंतर खोलग्यातून कुणी आलं नाही. वैद्यबुवा दोनदा त्या पाण्यात शिरले आणि दोन्ही वेळा त्यांना माणसांनी ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या खाणीतून पंप आणून पाणी उपसेपर्यंत संध्याकाळ झाली. दोघे पलीकडच्या वरच्या टोकाला एकमेकांना धरून बसलेले, जिवंत सापडले. जावई मात्र खोलग्यातच सापडला, बाहेरच्या बाजूला तोंड करून.

लोकांनी वैद्यबुवांना देव केलं. म्हातारा जिवाची पर्वा न करता हौदात उतरला, स्वतःच्या हातांनी नळी मोकळी करायला बघत होता, हात कापून घेतले, जावयासाठी खोलग्यात शिरला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चौकशीच्या साहेबांनी त्यांच्या पट्टी बांधलेल्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. पंप बंद पडल्यावर काय केलं, असं विचारलं. ते म्हणाले, "जमेल ते सगळं केलं." साहेबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याला विचारला.

त्यानंतर आठवड्याने इंजिनिअरबाई लेकीच्या घरी आल्या. सोबत कुणी नव्हतं. वैद्यबुवा तिथेच राहायला आले होते. नात शेजारी खेळायला गेली होती. स्वयंपाकघरात टेबलाशी लेक बसली होती, तिने बाईंना पाणी दिलं.

बाईंनी पेला हातात घेतला. मग म्हणाल्या, "मी पंखा पाहिला. माझ्या अंदाजानं तो अजून आठवडाभर तरी टिकायला हवा होता. माझा अंदाज चुकला. मी त्याच दिवशी पंप थांबवायला लावायला हवा होता. हे सांगायला आले. रोज रात्री तेच गणित मांडते आणि रोज तेच उत्तर येतं."

लेकीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता, ताई? आणि बाबांनी तरी काय कमी केलं? तो आवाज यायला लागल्यापासून त्यांना चैन नव्हती. माझी पिठाची चाळणसुद्धा नेऊन त्या पंपाला बांधली त्यांनी."

बाईंनी पेला खाली ठेवला.

"कसली चाळण?" त्यांनी हळूच विचारलं.

लेक उठली, तिने भिंतीवरच्या खिळ्यावरून दुसरी चाळण काढून आणली. "अशीच. जोडीतली. यातून पीठ खाली पडतं आणि सगळा कोंडा वर राहतो, बघा."

बाईंनी ती खिडकीसमोर धरली. मग त्या वैद्यबुवांकडे बघू लागल्या. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत होत्या, गणितात चूक नव्हती हे कळल्यावर माणूस बघतो तशा, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. आपण आत्ताही गप्प बसलो तर ही पोरगी उठून निघून जाईल, लेकीसमोर एक शब्द बोलणार नाही, हे वैद्यबुवांना कळलं. आणि ही लेक उरलेलं आयुष्य आपल्याला जेवायला वाढत राहील.

"बाईंनी मला विचारलं होतं," ते म्हणाले. "जादा जाळी आहे का म्हणून. मी नाही म्हणालो."

लेक त्यांच्याकडे वळली. तिला अजून काही कळलं नव्हतं. "का?"

"लाज वाटली. त्या जाळीनंच पंपाचा गळा आवळला, पोरी. खडी नव्हतीच. आणि पंप बंद पडला तेव्हा मी भोंगा वाजवला नाही. आधी जाळी सोडवायला उतरलो. कुणाला दिसू नये म्हणून. तेवीस मिनिटं."

त्यांनी पट्टी बांधलेले हात टेबलावर ठेवले होते. लेक त्या हातांकडे बघत राहिली. गेला आठवडाभर त्या पट्ट्या तीच बदलत होती.

"त्यानं सकाळी विचारलं असेल ना तुम्हाला?" ती म्हणाली. "रोज विचारायचा."

"विचारलं."

"आणि तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मग काय म्हणालात?"

उत्तराची वाट न बघता लेकीने बाईंच्या हातातून चाळण घेतली, रोजच्या सवयीने कडेवर दोनदा थोपटली आणि परत खिळ्याला टांगली. ती भिंतीकडेच तोंड करून उभी राहिली.

"मी त्याला म्हणायचे, आत जाताना जरा जपून जा, एकदा मागं वळून पाणी बघत जा," ती म्हणाली. "तर तो हसायचा. म्हणायचा, तुझ्या बाबांनी ठीक म्हटल्यावर मी कशाला बघू?"